वर्गणी थेट गोठ्यातून

माझी मुलाखत गोठ्यात झाली. इंजिनिअरिंग संपवून मी बारामतीत नोकरी शोधत होते. मोबाईलचं ॲप बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत जागा आहे असं कळलं, म्हणून फाइल घेऊन दिलेल्या पत्त्यावर गेले. तो पत्ता ऑफिसचा नव्हताच. एमआयडीसीच्या पलीकडे एका वस्तीवर, आठ-दहा संकरित गाईंच्या मधोमध पन्नाशी उलटलेल्या एक बाई उभ्या होत्या. अंगावर सुती साडी, पायात पळायचे बूट. त्यांनी फाइलकडे बघितलंही नाही. ह्यातली आजारी गाय कोणती, एवढंच विचारलं.

मी इंदापूर तालुक्यातल्या कळसची. कोपऱ्यातली एक गाय रवंथ करत नव्हती, ती मी दाखवली. बाई म्हणाल्या, उद्यापासून ये. माझ्या आधी लागलेल्या सुहासलाही त्यांनी हाच प्रश्न विचारला होता. तो बारामती शहरातला, गाईच्या जवळ कधी गेलेला नाही. त्यानं सरळ सांगितलं की मला कळत नाही. त्यालाही घेतलं. ठोकून देणारा माणूस तेवढा नको, असं बाईंचं म्हणणं होतं.

बाईंनी तीस वर्षं सरकारी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून काढली होती. मोरगाव, सांगवी, इंदापूर, जिथं बदली होईल तिथं. लोक त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत आणि त्या दर वेळी, समोरचा घाईत असला तरी, त्याला थांबवून सांगत, “डॉक्टर न्हाय. पर्यवेक्षक.” समोरचा बरं म्हणायचा आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा डॉक्टरीणबाई म्हणायचा. बाई पुन्हा थांबवायच्या.

निवृत्तीला सहा वर्षं असताना त्यांनी नोकरी सोडली, कारण त्यांना एक गोष्ट सुचली होती. गावोगाव गाईंचं सगळं करतात बायका, आणि दवाखान्याचा कागद येतो पुरुषांच्या खिशात. गाय माजावर कधी आली, म्हणजे कधी भरवायची, जंताचं औषध कधी द्यायचं, लाळ-खुरकुताची लस कधी, हे त्या कागदावरून बाईमाणसापर्यंत पोचतच नाही. म्हणून आमचं ॲप बोलायचं. प्रत्येक गाईचं नाव टाकलं की त्या-त्या दिवशी फोनमधून बाईंचाच आवाज यायचा, “आज हरणीला बघा. एकवीस दिवस झालं.” काही विचारायचं असेल तर लिहायचं नाही, बोलायचं. त्याच दिवशी डॉक्टरांचं उत्तर यायचं. त्यासाठी दोन खरे डॉक्टर मानधनावर ठेवलेले होते. हे सगळं चालायचं महिन्याच्या वर्गणीवर, आणि वर्गणी ठरायची जनावरांच्या संख्येवर.

ऑफिस म्हणजे भिगवण रस्त्याला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर दोन खोल्या; एका खोलीत बाई येईल त्या नव्या गाईचं नाव आपल्या आवाजात रेकॉर्ड करायच्या, दुसरीत आमची टेबलं. तिथं ‘यूजर’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. सुहासच्या तोंडून निघालाच तर बाई विचारायच्या, “कोण? नाव सांग.” मग त्याला निदान एका बाईचं नाव आणि गाव सांगावं लागायचं, तरच पुढचं बोलणं ऐकलं जायचं. नवीन स्क्रीन तयार झाला की बाई डोळे मिटून बसायच्या आणि आम्ही तो मोठ्यानं वाचायचा. ऐकून कळलं नाही तर स्क्रीन रद्द. जेवण सकाळी साडेअकराला म्हणजे साडेअकराला. जनावराला वैरण वेळेवर मिळाली नाही तर ते दूध चोरतं, माणसाचंही तसंच, असं त्या म्हणायच्या आणि आमच्या टेबलावरचा माऊस स्वतः बाजूला करून डबा ठेवायच्या.

ज्या दुकानातून लोक फोनवर ॲप घेतात त्याला सगळे स्टोअर म्हणतात. बाई दुकानच म्हणायच्या. ॲपच्या आत कुणी वर्गणी भरली तर ती त्या दुकानामार्फतच भरायची असा दुकानाचा नियम होता, आणि शंभरातले पंधरा रुपये दुकान ठेवून घ्यायचं. सुरुवातीला बाईंनी ते मुकाट्यानं मान्य केलं. पुढं हिशेब मांडल्यावर दिसलं की दुकान जेवढं ठेवून घेतंय, जवळपास तेवढंच एका डॉक्टरचं मानधन आहे. वर्गणी वाढवायची नाही हे बाईंनी ठरवलेलं होतं. मग एक डॉक्टर कमी करायचा का, असा प्रश्न आला. तो दोन-तीन आठवडे तसाच पडून राहिला.

त्यांना उठवून उभं केलं ते सांगवीच्या कमलताईंच्या फोननं.

कमलताईंकडे चार गाई. त्यांच्या फोनवर ॲप होतं, पण दुकानातलं खातं पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचं होतं. आपल्याकडे बहुतेक घरांत असंच असतं. फोन आईचा, खातं लेकाचं. मुलानं बँक बदलली, जुनं कार्ड बंद झालं, आणि आईची वर्गणी आपोआप थांबली. तशी सूचना मुलाच्या ईमेलवर गेली, त्यानं ती पाहिली नाही. कमलताईंना वाटलं, बाई बोलत नाहीत म्हणजे अजून दिवस भरले नसतील. त्या वाट बघत राहिल्या. एका गाईचा माज दोनदा हुकला. म्हणजे ती गाय गाभण न राहता दीड महिना नुसती खाऊन उभी राहणार.

कमलताईंनी तक्रार केलीच नाही. बाईंची तब्येत बरी आहे ना, हे विचारायला त्यांनी फोन केला होता. बाईंनी फोन ठेवला आणि आम्हा दोघांना सांगितलं की आजपासून वर्गणी दुकानातून घ्यायची नाही. आपली स्वतःची वेबसाईट करायची, तिथं भरून घ्यायची. जिच्या गाई तिनं स्वतः भरली पाहिजे आणि पावती तिच्याच नावानं निघाली पाहिजे.

मी आठवड्याभरात पान तयार केलं आणि ॲपमध्ये एक बटण टाकलं. ते दाबलं की आमचं पान उघडायचं. चार दिवसांत दुकानानं आमचं ॲप काढून टाकलं. ज्यांच्या फोनवर आधीपासून होतं त्यांचं चालू राहिलं, पण नवीन कुणाला घेता येईना.

आता बाईंचं सरकारी वळण कामाला आलं. दुकानात कुणीतरी माणूस बसलेलाच असणार अशी त्यांची खात्री होती. त्यांनी फुलस्केप कागदावर अर्ज लिहिला. वर जावक क्रमांक, खाली विषय, संदर्भ, ‘सन्माननीय परीक्षक महोदय’. त्यात कमलताईंच्या गाईची सगळी हकिकत. मी त्याचं इंग्रजी करून पाठवलं. उत्तर आलं ते छापील, नियमाचा क्रमांक सांगणारं. बाईंनी दुसरा अर्ज लिहिला. पुन्हा तेच उत्तर, शब्दही तेच. असे सात अर्ज गेले. सुहास हसायचा. मला मात्र हसू येत नव्हतं, कारण प्रत्येक अर्जात बाई एक नवी बाजू मांडत होत्या आणि प्रत्येक अर्ज आधीच्यापेक्षा चांगला होता.

सातव्या उत्तरानंतर त्यांनी मला दुकानाचे सगळे नियम मराठीत वाचून दाखवायला सांगितलं. त्याला दोन दिवस लागले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी एका ठिकाणी त्यांनी मला थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला लावलं. ॲपच्या आत काहीच विकायचं नसेल, बाहेर वर्गणी भरलेल्या माणसाला नुसतं आत यायचं असेल, तर ते चालतं, असं तिथं लिहिलं होतं. अट एकच. वर्गणी कुठं भरायची, याचा ॲपमध्ये एक शब्दही असता कामा नये.

सुहास म्हणाला, मग उपयोग काय. लोकांना कळणार कसं? त्यापेक्षा दुकान सोडून देऊ, ॲपची फाइल सरळ लोकांच्या फोनवर पाठवू. बाईंनी मान हलवली. तशी फाइल घेताना फोन धोक्याची सूचना दाखवतो, आणि बायकांना ती सूचना झुगारायला आपण शिकवायचं नाही, असं त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “नियम मोडायचा न्हाय. ॲपमधी मुकं ऱ्हायाचं. बाहेर बोलाय कुणी अडवलंय?”

बटण काढलं, ॲप दुकानात परत आलं, नवी वर्गणी दुकानातून घेणं बंद झालं (ज्यांची आधीपासून तिथून चालू होती त्यांची तशीच राहिली), आणि बाई बाहेर बोलायला निघाल्या.

आधी पान सुधारलं. त्या मला बारामतीच्या एसटी स्टँडवर घेऊन गेल्या. मोरगावच्या गाडीची वाट बघत बसलेल्या बायकांच्या हातात फोन द्यायचा आणि विचारायचं, ह्यात पैसे भरून दाखवा. पहिल्याच मावशींनी बोट ठेवून विचारलं की हे ‘सबमिट’ कोण. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तिथंच बाकावर बसून तो शब्द काढला आणि ‘पैसे भरा’ लिहिलं. पानावर नऊ गोष्टी होत्या. तीन गाड्या निघून जाईपर्यंत तीनच उरल्या. फोन नंबर, जनावरं किती, आणि पैसे भरा.

मग दूध संकलन केंद्रं. सकाळी दूध घालायच्या वेळी सगळं गाव तिथं येतं. बाई पाच वाजता स्कूटर काढायच्या, मी मागं बसायची. आज सांगवी, उद्या आणखी कुठलं गाव, परवा इंदापूरच्या बाजूला. किटल्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायकांसमोर त्या उभ्या राहायच्या आणि ॲपमधल्या त्याच आवाजात बोलायला लागायच्या. बायका एकदम वळून बघायच्या. फोनमधल्या बाई समोर उभ्या. एकीनं तर त्यांचा हात धरून पाहिला.

पण सगळीकडे असं झालं नाही. काही केंद्रचालकांनी आम्हाला फाटकाबाहेर थांबवलं. आम्हाला काय मिळणार, असं ते विचारायचे, आणि बाई खरं ते सांगायच्या, काही नाही. एका ठिकाणी तर लागोपाठ चार दिवस नकार आला. पाचव्या दिवशी बाई पुन्हा त्याच फाटकाशी. मी म्हटलं, बाई, हे गाव सोडून देऊ. त्या म्हणाल्या की ह्या गावात आपल्या चौदाजणी आहेत, आणि त्यांची नावं सांगायला लागल्या. चौदाच्या चौदा नावं सांगितली, गाईंच्या नावांसकट. सहाव्या दिवशी चालकानं फाटक उघडलं.

सांगवीच्या केंद्रावरचे तात्या मात्र पहिल्याच दिवशी तयार झाले. ज्या बाईकडे मोबाईलवर पैसे भरायची सोय नसेल तिनं रोख त्यांना द्यावेत, ते त्यांच्या संगणकावर आमचं पान उघडून भरतील आणि पावती छापून देतील. ही कल्पना त्यांचीच. बाईंनी ती पुढं सगळीकडे नेली. तीन-चार महिन्यांत निम्म्याहून जास्त वर्गणी आमच्या पानावरून यायला लागली, आणि दोन्ही डॉक्टर राहिले.

आणि मग ते झालं.

एका सकाळी सुहासनं फोन दाखवला. गावांच्या ग्रुपवर एक निरोप फिरत होता. वर बाईंचा फोटो, खाली वर्षाच्या वर्गणीवर मोठी सवलत, आणि एक लिंक. दाबली की आमच्यासारखंच दिसणारं पान उघडत होतं. ते आमचं नव्हतं. दुपारपर्यंत कळलं की वीसेक जणांचे पैसे गेले, आणि त्यात कमलताईही होत्या. आम्ही पोलिसांत गेलो. त्यांनी तक्रार नीट लिहून घेतली, ते पान बंद पाडलं, पण पैसे परत मिळायची आशा धरू नका असं स्पष्ट सांगितलं.

त्या संध्याकाळी सुहास पहिल्यांदाच बाईंशी कडक बोलला. दुकानात असतो तर हे झालं नसतं, असं तो म्हणाला. दुकान पंधरा रुपये घेतं ते उगाच घेत नाही. त्यात राखण आली. आपण बायकांना बाहेर पैसे भरायला शिकवलं आणि बाहेर चोर उभा होता. मीही मनातून त्याच्याच बाजूची होते.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. “खरं हाय,” म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन सांगवीला गेल्या.

कमलताई गोठ्यातच होत्या. बाईंना बघून त्यांनी हातातलं घमेलं खाली ठेवलं, पण बसा म्हटलं नाही. त्यांच्या घरात हे कुणाला सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर फोन हातातून गेला असता. बाई शेणामातीतच, गव्हाणीच्या कडेला टेकल्या.

कमलताई म्हणाल्या, “मी ते चोराला न्हाय दिलं, बाई. तुमालाच दिलं असं समजून दिलं.”

बाईंनी पिशवी पुढ्यात ओढली. मग म्हणाल्या, “मग मलाच पोचलं असं धरा. वर्षाची वर्गणी भरली. पावती ही घ्या.” आणि पिशवीतून त्यांनी पावती काढली, कमलताईंच्या नावाची. सकाळीच छापून आणली होती. मला त्याचा पत्ताही नव्हता.

कमलताईंनी पावती घेतली, पण त्यांना भीक नको होती. त्यांनी विचारलं की उद्या पुन्हा असा निरोप आला तर ओळखायचं कसं. हा प्रश्न खरं तर आमच्यापैकी कुणीतरी आधीच विचारायला हवा होता. बाईंनी पिशवीतून वही काढली आणि तो शब्दशः लिहून घेतला. परतीच्या वाटेवर त्यांनी स्कूटर नीरा कालव्याच्या पुलाजवळ थांबवली आणि मला म्हणाल्या की चूक आपली आहे. आपण वाट काढली, पण वाटेवर उभं राहायला माणूस ठेवला नाही.

सगळ्या फसलेल्यांची वर्गणी भरली असं धरायचं ठरलं. उद्या कुणीही उठून सांगेल मी फसले, असा सुहासचा आक्षेप होता. तसं दोघांनी केलंही. बाईंना ते कळलं होतं, कारण त्या दोघांनी सांगितलेल्या दिवशी तो निरोप निघालेलाच नव्हता. त्यांनी त्या दोघांनाही पावत्या दिल्या. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, त्यांच्याही गोठ्यात गाई आहेत.

पुढचा महिना आम्ही दुसरं काही केलं नाही. आमच्याकडून कुणालाही कधीच लिंक जाणार नाही, हे ठरवून टाकलं. पानाचा पत्ता चार अक्षरांचा केला, म्हणजे तो प्रत्येकीनं स्वतःच्या बोटानं टाकायचा. प्रत्येक केंद्रावर एका बाईला नेमलं. दूध घालताना शंका आली तर तिला विचारायचं. सांगवीत ते काम कमलताईंनी मागून घेतलं. आणि बाई पुन्हा पाच वाजता निघायला लागल्या, त्याच सगळ्या गावांना, पहिल्यापासून. जिथं फसवणूक झाली होती तिथं आधी गेल्या. मोरगावला एका माणसानं सगळ्यांदेखत ऐकवलं की तुमच्यामुळं आमच्या घरात भांडण झालं. बाईंनी त्याचं बोलणं पूर्ण होऊ दिलं आणि मग तिथंच उभं राहून, लिंक का दाबायची नाही, हे पहिल्यापासून सांगितलं. त्याचीच बायको रांगेत पुढं आली आणि म्हणाली की मला पुन्हा एकदा दाखवा.

मधे बाईंचा गुडघा गेला. डॉक्टरांनी स्कूटर बंद करायला सांगितलं. चार दिवस त्या घरी राहिल्या, पाचव्या दिवशी दुधाच्या टँकरच्या केबिनमध्ये बसून केंद्रावर उतरल्या. टँकर नाहीतरी सगळ्या गावांना जातोच, हे आपल्याला आधी का सुचलं नाही, याचंच त्यांना वाईट वाटत होतं.

वर्ष उलटता उलटता दुकानाकडून एक पत्र आलं. नवीन सोय निघाली होती. ॲपच्या आतच आपली स्वतःची पैसे भरायची वाट ठेवता येणार होती, फक्त दुकानाचा हिस्सा थोडा कमी होऊन तरीही द्यावा लागणार होता. सुहासला ते बरं वाटलं. त्याचं म्हणणं वाईट नव्हतं. पहाटेच्या फेऱ्या थांबल्या असत्या. बाईंनी एकच विचारलं, ह्या नव्या वाटेनं भरलेली प्रत्येक वर्गणी दुकानाला कळवायची आणि तिचा हिस्सा द्यायचा, असं का? मी हो म्हटलं. मग त्यांनी आभाराचं पत्र लिहायला सांगितलं. जावक क्रमांक घालून. नको, पण विचारल्याबद्दल आभारी आहोत.

त्यानंतर काही दिवसांनी मी सकाळी ऑफिसात आदल्या दिवशी भरलेल्या वर्गण्यांची यादी बघत होते. गाव, नाव, जनावरं. कळसच्या रांगेत माझ्या आईचं नाव होतं.

मला वाटलं काहीतरी चुकलंय. आईच्या फोनवर ॲप मीच घालून दिलं होतं, पहिल्या पगारात, माझ्या खात्यावरून. तिची वर्गणी दर महिन्याला माझ्याकडून जात होती, दुकानामार्फतच. एवढी गावं फिरून आले, बायकांना सांगत आले, आणि ते बदलायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि नावापुढं जनावरं तीन होती. आमच्याकडे दोनच गाई.

मी फोन लावला. आई गोठ्यात होती, मागं बादलीचा आवाज येत होता. मी म्हटलं, तुझी वर्गणी तर मी भरते, मग तू वेगळी का भरलीस?

“तुझं बंद कर आता,” ती म्हणाली. “गाई माझ्या हायती.”

मी तिसरीचं विचारलं. ती रविवारी बाजारातून आणली होती. दुधाचे पैसे साठवून, स्वतः जाऊन, स्वतः बघून. मला सांगायचं राहून गेलं, म्हणाली, आणि मग जरा थांबून, गाय चांगली आहे, असंही म्हणाली.

मी फोन ठेवला. बाई शेजारी उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी स्क्रीनवर आईच्या नावाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि तिसऱ्या गाईचं नाव काय टाकलंय ते मला मोठ्यानं वाचायला सांगितलं. मी वाचलं. बाईंनी डोळे मिटून ते ऐकलं आणि आवाज रेकॉर्ड करायच्या खोलीत गेल्या.